गोळी तीच आहे

७ जानेवारी

टिल्लूशेठ,

पार्सल मिळालं. तू त्याला इतकी चिकटपट्टी गुंडाळतोस की आत औषध नसून चोरीचा माल असावा असं वाटतं. सून म्हणाली, "मामांना सांगा, पुढच्या वेळी कात्रीही सोबत पाठवा."

एक विचारायचंय. बाटली आपलीच आहे, झाकण निळं, लेबल तेच. पण झाकणाखाली जी चंदेरी पट्टी असते ती या वेळी नव्हती. वाटेत कुणी उघडली की काय? मी घाबरट नाही हे तुला माहीत आहे, पण या गोळीच्या बाबतीत आहे. गळ्यातली ग्रंथी काढल्यापासून माझा सगळा गाडा त्या एका गोळीवर चाललाय. दोन वर्षांपूर्वी तू एकदा त्या पिवळ्या खोक्यातल्या दुसऱ्या कंपनीच्या पाठवल्या होत्यास. चार दिवसांत छातीत धडधड, केस मूठमूठ हातात. डॉक्टर म्हणाले, रक्त ठीक आहे, मनाचे खेळ आहेत. तूही मनातून तेच म्हणालास, मला काय कळत नाही? म्हण. मला निळ्या झाकणाचीच हवी.

पाळणाघर जोरात आहे. खालच्या दोन खोल्यांत आता नऊ पोरं आहेत. एक नवीन आलीय, दीड वर्षाची. तिला चालणं माहीतच नाही, एकदम धावते. दिसेल त्या फटीत शिरते म्हणून मी तिचं नाव मुंगी ठेवलंय. ऑपरेशनपासून माझा आवाज कुजबुजीएवढाच उरला, पण या धंद्यात तो कामाला येतो बघ. मी गोष्ट सुरू केली की ऐकू यावं म्हणून सगळी पोरं आपणहून जवळ सरकतात आणि गप्प होतात. तू मात्र फोनवर नुसता "काय? काय?" करत बसतोस. म्हणून हे पत्र.

पट्टीचं कळव. तोवर जुन्या बाटलीतल्या उरल्यात त्या घेते.

ताई


१४ जानेवारी

ताई,

पट्टी मीच काढली. हल्ली कंपन्या बाटलीत दोन-चार गोळ्या कमी भरतात अशी तक्रार कानावर आली होती. म्हणून तुझी बाटली उघडून एकेक गोळी स्वतः मोजली. बरोबर आहेत. बिनघोर सुरू कर.

निळ्या झाकणाचा माल सध्या मिळायला जरा त्रास पडतो, पण तुझी सोय मी केली आहे. त्यात तू डोकं घालू नकोस. तुझा भाऊ औषधं विकतो, भाजी नाही.

एक काम मात्र माझ्यासाठी कर. मार्चच्या सुरुवातीला एकदा थायरॉइडचं रक्त तपासून घे. का म्हणून विचारू नकोस. आपली वयं झाली आता, सहज आपलं बघितलेलं बरं.

दुकानात काल एक गृहस्थ आले. म्हणाले, "ती लाल गोळी द्या." म्हटलं कसली? म्हणाले, "कसली ते तुम्हाला माहीत असायला हवं." तुझी भावजय गल्ल्यावर बसून इतकी हसली की ते रागावून निघून गेले.

मुंगीवर लक्ष ठेव.

टिल्लू


५ मार्च

टिल्लू,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसते आणि मध्येच थांबते. काय लिहायचं होतं तेच सुटून जातं.

मला थंडी वाजते रे. सगळे बिनबाह्यांचे कपडे घालून फिरतात आणि मी स्वेटर घालून पोरांत बसलेली असते. सकाळी डोळ्यांवर कुणी उशा ठेवल्यासारखं वाटतं. पाय जड, बोटं जाड. अंगठी काढून ठेवली. आवाज होता तोही बसला, आता घोगरा येतो. परवा गोष्ट सांगत होते, तर एक पोरगं रडायलाच लागलं. तिकडे सून लाडाने म्हणते, "आई, जरा आराम करा." लेक लाड वगैरे करत नाही. तो म्हणतो, "साठी जवळ आली, झेपेल तेवढंच करावं."

आणि गोळीबद्दल लिहायचं होतं. हसू नकोस. पूर्वी गोळीवर जी रेघ असायची तिच्यावरून बोट फिरवलं की थोडं पीठ लागायचं. या बाटलीतल्या गोळीला लागत नाही. बाकी पांढरी ती पांढरी, गोल ती गोल. मला उगाच वाटतंय का?

रक्ताचं राहून गेलं. मी दरवर्षी जूनमध्ये करतेच की. तू कारण सांगितलं असतंस तर गेलेही असते. नुसतं "सहज" म्हणून कोण सुई टोचून घेतं?

ताई


११ मार्च

ताई,

पीठ लागत नाही ते हवेमुळे. बाटलीत दमट हवा गेली की गोळी घट्ट होते. कंपनीने यंत्रही बदललंय म्हणे. तू बोटांनी गोळ्या तपासत बसू नकोस, ते काम माझं. गोळी तीच आहे.

थकवा सगळ्यांनाच येतो. मलाही येतो. पण रक्त तपासून घे. या आठवड्यातच घे. जूनपर्यंत थांबू नकोस. मी कारण सांगत नाही म्हणून रुसू नकोस, आणि हे पत्र खाली ठेवलंस की लगेच जा.

टिल्लू


६ एप्रिल

टिल्लू,

हे पत्र मी तीन वेळा बसून लिहितेय. अक्षर बघून हसू नकोस.

तू म्हणालास म्हणून रक्त दिलं. रिपोर्ट वाईट आला. डॉक्टरांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग माझ्याऐवजी लेकाकडे बघून विचारलं, "या गोळ्या विसरतात का?"

मी म्हटलं, "अहो डॉक्टर, सोळा वर्षांत एक दिवस चुकले नाही."

ते म्हणाले, "गोळी पोटात गेली असती तर रिपोर्ट असा आला नसता, आजी."

आजी म्हणाले मला. आजवर बाई म्हणायचे.

घरी आल्यावर सुनेनं बाटली टेबलावर ओतली आणि मोजली. हव्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. लेक म्हणाला, "मामानं एकेक गोळी मोजून पाठवली होती ना? मग या उरल्या कशा?" तुझं ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं होतं, पट्टीचं.

म्हणजे मीच विसरते. रोज सकाळी घेतल्याचं मला आठवतं, पाण्याचा पेलासुद्धा आठवतो. पण तो पेला आजचा की कालचा, हे कुणी विचारलं की गोंधळते. डॉक्टर म्हणाले, आधी नियमित घ्या, डोसचं नंतर बघू.

आता दुसरं सांगते. मागच्या मंगळवारी दुपारी पोरं झोपली होती. मी दाराशी खुर्ची टाकून बसले होते, नेहमीसारखी. माझा डोळा लागला. टिल्लू, बावीस वर्षांत मी त्या खुर्चीत कधी डोळा मिटला नव्हता. जाग आली ती आरडाओरड्याने. समोरचा शिंपी मुंगीला काखेत धरून उभा होता. ती फाटकाच्या फटीतून निघून रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली होती. एक ट्रक थांबलेला. ड्रायव्हर खाली उतरलेला. मुंगी हसत होती. तिच्या हातात माझी चप्पल होती.

तिची आई संध्याकाळी आली. तिनं आवाजही चढवला नाही. पिशवी भरली, पोरीला उचललं आणि जाताना म्हणाली, "तुमच्याकडे ठेवली म्हणून मी ऑफिसात निवांत होते."

दोन दिवसांत आणखी चार पोरं गेली.

आता काय करते, सकाळची गोळी घेतली की नाही अशी शंका आली की दुपारी एक घेते. राहण्यापेक्षा जास्त झालेली बरी. लेकाला सांगू नकोस. मी विसरेन म्हणून त्यानं आधीच गॅसचा लायटर स्वतःकडे ठेवलाय.

ताई


११ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं आणि लगेच लिहायला बसलो.

दुपारची गोळी अजिबात घेऊ नकोस. अजिबात. दिवसाला एकच. शंका आली तर त्या दिवशी सोडून दे, पण दुसरी घेऊ नकोस. छातीत धडधड झाली तर त्याच क्षणी डॉक्टर गाठ.

तू विसरत नाहीस. मोजण्यात माझीच चूक झाली असेल, मीही माणूसच आहे. हे लेकाला वाचून दाखव. डॉक्टरांना म्हणावं, डोस वाढवून बघा, विसरण्याचा विषय नाही.

मी नवीन बाटली पाठवतो. ती आली की ही टाकून दे. पाठवण्याआधी मला एका ठिकाणी चौकशी करायची आहे, चार दिवस लागतील. तुझ्याकडे यायचंच मनात आहे. पण दुकान कुणावर टाकू? आणखी लिहायचं आहे, ते समक्षच बोलू.

टिल्लू


२८ एप्रिल

मामा,

पहिल्यांदाच तुम्हाला पत्र लिहिते आहे आणि तेही अशा वेळी. आई दवाखान्यात आहेत. घाबरू नका, जिवावरचं टळलं आहे असं डॉक्टर म्हणतात.

गेल्या शनिवारी सकाळी न्हाणीघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. दार आतून बंद होतं. तुमच्या भाच्याने ते तोडलं. आई जमिनीवर होत्या, शुद्ध हरपलेली, आणि गळ्याजवळची शीर इतकी वेडीवाकडी उडत होती की लांबूनही दिसत होती. हृदयाची लय बिघडली होती. आणखी उशीर झाला असता तर मेंदूत गुठळी जाण्याचा धोका होता म्हणे. शुद्धीवर आल्यावर त्यांनी कबूल केलं, की त्या गेले कित्येक दिवस दोन-दोन गोळ्या घेत होत्या, कधी तीनही. "मी विसरते ना, म्हणून," असं लहान मुलासारखं म्हणाल्या.

तुमच्या शेवटच्या पत्रातला मोजण्याचा भाग तेवढा त्यांनी आम्हाला वाचून दाखवला होता. तो ऐकून हे म्हणाले, मामा बहिणीला सांभाळून घेतोय. तुम्ही मोजण्यात चुकाल हे त्यांना पटत नाही. तुमच्या दुकानात ते लहानपणी सुट्टीत राहिले आहेत. तुम्ही एक गोळीही इकडची तिकडे होऊ देत नाही, हे त्यांनी बघितलं आहे.

पाळणाघर बंद केलं. छोट्या खाटा एका शाळेला देऊन टाकल्या. डॉक्टरांचा संशय आईंच्या स्मरणशक्तीवर आहे. पुढच्या आठवड्यात मेंदूचे डॉक्टर येऊन तपासणार आहेत. हे एक-दोन वृद्धाश्रम बघून आलेत. मला ते पटत नाही, पण दिवसभर घरी थांबायला कुणी नाही.

म्हणून विचारते. तुम्ही त्या गोळ्या खरंच मोजून पाठवल्या होत्या का? हो किंवा नाही, एवढंच कळवा, म्हणजे डॉक्टरांना ठामपणे सांगता येईल.

तुमची सूनबाई


२ मे

सूनबाई,

नाही.

आज सकाळी मी दवाखान्यात फोन करून डॉक्टरांना सगळं सांगितलं आहे. मेंदूच्या डॉक्टरांना बोलावण्याआधी त्यांना ते कळायला हवं होतं. आता तुला सांगतो. हे पत्र तुझ्या नवऱ्याला दे. ताईला कधी दाखवायचं ते डॉक्टर सांगतील.

निळ्या झाकणाची गोळी कंपनीने नोव्हेंबरात बंद केली. मी ओळखीची सगळी दुकानं पालथी घातली. कुठेच नव्हती. ताईला सांगायचं तर दोन वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा उभं राहणार, धडधड, केस, रडारड. तेव्हा रक्त ठीक आलं होतं आणि माझी खात्री होती की तिचं ते दुखणं मनाचं आहे. म्हणून मी दुकानात पडलेली त्याच कंपनीची एक जुनी रिकामी बाटली घेतली आणि तिच्यात पिवळ्या खोक्यातल्या गोळ्या भरल्या. लेबल तसंच ठेवलं. बाटली भरलेली दिसावी म्हणून वरून मूठभर जास्त टाकल्या. मोजल्या नाहीत. ताईने पट्टीचं विचारलं तेव्हा जे सुचलं ते लिहून टाकलं.

औषध तेच, लेबलावरची ताकदही तीच. पण एका कंपनीची गोळी अंगी लागते तशी दुसरीची तंतोतंत लागेलच असं नसतं. धडधाकट माणसाची ग्रंथी तो फरक भरून काढते. ताईला ग्रंथीच नाही. म्हणून कंपनी बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त बघून डोस बसवून घ्यायचा असतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. ताईलाही रक्त बघ म्हणून लिहिलं, पण का बघायचं ते लिहिता येत नव्हतं. ते लिहिलं असतं तर सगळंच लिहावं लागलं असतं.

मार्चमध्ये तिने थंडी वाजते म्हणून लिहिलं, तेव्हा मला कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं. मग तिने पिठाचं लिहिलं. तिच्या बोटांना जे समजलं ते मी हवेवर ढकललं. एप्रिलचं पत्र आलं तेव्हा हातात पेन घेऊन बसलो होतो, आणि तरी अर्धंच लिहिलं. कबूल केलेली नवीन बाटलीही कुठे मिळाली नाही. दुकानदार म्हणून लायसन जाईल ही भीती होती, पण ती दुसरी. पहिली भीती ताईची होती.

तुला एक सांगतो, कुणाला सांगितलं नाही. माझ्या डोक्यात असं होतं, की सहा महिने बिनतक्रार गेले की तिला हसत हसत सांगीन, "बघ, तीच पिवळी गोळी खातेयस, झालं का काही?" मला ते वाक्य म्हणायचं होतं, सूनबाई. त्यासाठी मी वाट बघत होतो.

ती काही विसरलेली नाही. एक दिवसही नाही. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, वृद्धाश्रम बघायचे थांबव.

उद्याच्या गाडीने निघतो.

मामा


२३ जून

टिल्लू,

तू आला होतास हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. लेकानं तुला दवाखान्याच्या जिन्यातूनच परत पाठवलं म्हणे. मला विचारलं असतं तर मीही त्या दिवशी भेटले नसते. पण मला विचारायला हवं होतं. हल्ली मला विचारायचं असतं हे सगळे विसरलेत.

तुझं मे महिन्यातलं पत्र सुनेनं दिलं. वाचलं. बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. रागाने लिहिलेली दोन पत्रं फाडून टाकली, म्हणून हे उशिरा.

तब्येतीचं आधी सांगते. हृदयाची लय जागेवर आली. त्यासाठी वेगळी गोळी आहे, ती काही महिने चालेल. थायरॉइडची गोळी मी आता कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते. पिवळ्या खोक्यातलीच. डॉक्टरांनी डोस थोडा वाढवला, आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त बघतील, पण आत्ताच स्वेटर निघालाय, आवाज पुन्हा कुजबुजीवर आलाय. म्हणजे तू म्हणत होतास ते निम्मं खरं होतं. मला ती गोळी चालते. तू जानेवारीत सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी भांडले असते, आठवडाभर धडधडले असते, रक्त तपासायला स्वतः धावत गेले असते. एवढंच झालं असतं रे. त्यापलीकडे काही झालं नसतं.

मेंदूचे डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी तारीख विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. सगळं बरोबर आलं. लेकानं माझी माफी मागितली, मनापासून मागितली. पण मी गॅस पेटवते तेव्हा तो अजून मागे येऊन उभा राहतो. पाणी प्यायला आलो असं दाखवतो. एकदा माणूस डोक्यानं गेलं असं घराला वाटलं की ते परत आलंय हे घराला पटायला फार वेळ लागतो. कधी पटतं की नाही, कोण जाणे.

पाळणाघर उघडावं म्हणून मी चार जुन्या घरांत जाऊन आले. चहा सगळ्यांनी दिला. पोर कुणी दिलं नाही. मुंगीची आई बाजारात दिसली. गोळी बदलली होती हे मी तिला सांगणार होते, तोंड उघडलंही होतं. तिनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मी तशीच पुढे निघाले. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. तू फसवलंस ते नाही. माझी बोटं खरं सांगत होती, आणि मी तुझं पत्र वाचून त्यांना गप्प केलं. नंतर बाकीच्या सगळ्यांनी मला खोटं ठरवलं तेव्हा मला ते जड गेलं नाही. मला सवय झाली होती.

मला यापुढे काही पाठवू नकोस. औषध नाही, पैसे नाहीत, भावजयीच्या हातची शाल नाही. पत्रं लिही. मी उत्तर देईन, कधी लवकर, कधी उशिरा.

आता तुझ्या गेल्या आठवड्यातल्या पत्राचं. त्यात माफीच्या खाली दोन ओळी आहेत. लिहिलंयस, दुकानात हल्ली बायकोच बसते, मी घरी जरा आराम करतो, इकडे सगळं ठीक आहे. पूर्वी मी अशा ओळींवरून पुढे गेले असते. या वेळी तिथेच थांबले. वडील वारले त्या दिवशीही तू दुपारनंतर दुकान उघडलं होतंस. तू आणि आराम? आणि अक्षर. तुझ्या प्रत्येक ओळीचं टोक खाली उतरत गेलंय, उजवीकडे, पानाच्या बाहेर जाईल इतकं.

टिल्लू, तुला काय झालंय? डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते जसंच्या तसं लिही. मला काय झेपेल ते तू ठरवू नकोस.

ताई